खरी व्यक्ती क्रमांक बेचाळीस

माझा मामा गेल्या मंगळवारी दुपारी सव्वातीन वाजता खरा माणूस झाला.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. गोष्टीचा शेवट आधी फोडायचा नाही, अशी मामाची सक्त ताकीद आहे. तेव्हा आपण असं धरून चालू की मंगळवार अजून उजाडायचा आहे, मामा बहात्तर वर्षांचा आहे, टाइपरायटर दुरुस्तीच्या दुकानात स्टुलावर बसला आहे, आणि तो अजून काल्पनिक आहे.

काल्पनिक हा शब्द माझा नाही, एका साइटचा आहे. एक अमेरिकन कादंबरीकार होता. आता नाही. त्यानं नऊ कादंबऱ्या लिहिल्या, आणि तो गेल्यावर त्याच्या चाहत्यांनी इंटरनेटवर एक साइट काढली. तिच्यात दोन याद्या आहेत. पहिली ‘खऱ्या व्यक्ती’. म्हणजे त्याच्या आयुष्यात प्रत्यक्ष आलेली माणसं: त्याचा दंतवैद्य, दोन घरमालकिणी, ज्याच्या कुत्र्यानं त्याची टोपी खाल्ली तो शेजारी. कुत्र्याला वेगळं पान आहे, फोटोसह. ही यादी एक्केचाळीस जणांची. दुसरी यादी ‘काल्पनिक पात्रे’. ती लांबलचक आहे, आणि तिच्यात एकशे अठ्ठ्याऐंशी क्रमांकावर असं लिहिलेलं होतं: ‘बडबड्या मेकॅनिक. पाचव्या कादंबरीत येतो. टाइपरायटर दुरुस्त करताना बोलू लागतो व थांबत नाही. अभ्यासकांच्या मते असा माणूस प्रत्यक्षात असणे शक्य नाही.’

मी हे मामाला वाचून दाखवलं तेव्हा तो एका रोलरला रॉकेल लावत होता. गिऱ्हाइकाचा नव्हता तो रोलर. गिऱ्हाईक दोन वर्षांपूर्वी आलं होतं, तेही मोबाइलचं दुकान कुठे आहे विचारायला. मामानं त्याला चाळीस मिनिटं बसवून ठेवलं.

“शक्य नाही?” मामा म्हणाला. “अरे, सत्तेचाळीस वर्षांपूर्वी तो समोर बेकरीच्या माडीवर राहायला होता. सहा आठवडे. कादंबरी संपवायला आला होता आणि मशीनच संपलं. इथे, या स्टुलावर बसला होता तो. लाल मोजे घालून. मग मी कोण?”

“साइटवर तू एकशे अठ्ठ्याऐंशी आहेस.”

“आणि अक्का?”

“सत्तावीस. खऱ्यांमध्ये.”

इथे अक्कामावशीची ओळख करून द्यायला हवी, नाहीतर ती स्वतः करून देईल. ती माझ्या मामीची थोरली बहीण. समोरची बेकरी तिची. कादंबरीकार वर राहत होता तेव्हा ती बावीस वर्षांची होती, आणि कुणीतरी दोघांचा काउंटरपाशी एक फोटो काढला. त्या एका फोटोच्या जोरावर ती ‘खऱ्या व्यक्तीं’मध्ये जाऊन बसली. तिनं ते पान छापून घेतलं, चौकटीत बसवलं आणि भट्टीच्या वर टांगलं. गिऱ्हाईक पाव मागतं आणि मान वर करतं, कारण मान वर केल्याशिवाय ती पाव देत नाही.

दर रविवारी आम्ही सगळे तिच्याकडे जेवायला जमतो. मामा काल्पनिक आहे हे तिला कळलं, त्या रविवारी तिनं मामीला सांगितलं, “अगं, भावोजींना आधी वाढ. काल्पनिक माणसाला भूक लागली तर कुणाला कळणार?”

पुढच्या रविवारी तिनं मामाची खुर्चीच मांडली नाही. म्हणाली, दिसलं नाही कुणी.

मामा हसला, पण परत येताना रस्ता ओलांडायला त्याला जास्त वेळ लागला. दुकानात आल्यावर तो म्हणाला, “पन्नास वर्षं मशीनं दुरुस्त केली रे. आता मशीनं कुणाकडे राहिली नाहीत. माझं नाव कशावर नाही, एक पाटी आहे बाहेर, तिच्यावरही फक्त ‘दुरुस्ती’ लिहिलंय. एका माणसानं मला लक्षात ठेवून पुस्तकात घातलं, तर हे म्हणतात तू नव्हतासच.”

मी लिफ्टच्या कंपनीत तक्रारींना उत्तरं लिहितो. वर्षाला साधारण नऊशे लोकांना मी अत्यंत नम्रपणे ‘नाही’ म्हणतो. त्यामुळे अर्ज कसा लिहिला की फेटाळता येत नाही, हे मला ठाऊक आहे असं मला वाटलं. शिवाय घाई होती. साइट चालवणाऱ्या संपादिकाबाईंनी पहिल्याच पानावर जाहीर केलं होतं की या महिन्याच्या शेवटच्या दिवशी, मंगळवारी, दोन्ही याद्या कायमच्या बंद होतील. त्या ऐंशी वर्षांच्या झाल्या आहेत आणि त्यांना आता पोहायला शिकायचं आहे. त्यानंतर जो जिथे आहे तो तिथेच राहणार.

पहिला अर्ज मी दुकानाच्या वहीच्या आधारावर केला. मामानं सगळ्या वह्या जपल्या आहेत, फक्त त्यांच्यात कुणाचंही नाव नाही. मामा गिऱ्हाइकाला नाव विचारत नाही. त्याचं म्हणणं, नाव विचारलं की माणूस फक्त नाव सांगतो, बाकी काही कळत नाही. म्हणून वहीत ‘टक्कल, रागीट’, ‘दोन छत्र्या’, ‘बायको पाठवते’ अशा नोंदी आहेत. त्या चाळून आम्हाला ती ओळ सापडली: ‘लाल मोजे. परदेशी. मशीनची गाडी अडकते. ऐकतो.’

तिचा फोटो काढून मी पाठवला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. संपादिकाबाईंनी नोंदीबद्दल आभार मानले होते आणि कळवलं होतं की त्यांच्या संग्रहात कादंबरीकाराचे दोनशे बारा फोटो आहेत, सर्व कृष्णधवल, सबब मोज्यांच्या रंगाची खातरजमा करता येत नाही.

मी ते पत्र दोनदा वाचलं. इतका सुबक नकार मला स्वतःला कधी जमलेला नाही.

नियमात दुसरी वाट होती: आधीच खऱ्या ठरलेल्या व्यक्तीची साक्ष. म्हणजे अक्कामावशी. मामा म्हणाला, त्यापेक्षा मी काल्पनिक बरा. मामी म्हणाली, “अहो, जा मुकाट्यानं. काल्पनिक नवऱ्याबरोबर मी रेशनकार्डावर कशी राहू?”

आम्ही बेकरीत गेलो. अक्कामावशीच्या कोपरापर्यंत पीठ होतं.

“कोण आलंय?” तिनं मला विचारलं. “तू एकटाच दिसतोयस.”

“अक्का, दोन ओळी लिहून द्या,” मामा म्हणाला. “तुम्ही मला तेव्हापासून ओळखता, एवढंच.”

“आवाज येतोय कुठून तरी.”

“अक्का.”

“बरं, बरं. कागद आण रे.” तिनं हात पुसले, चष्मा लावला आणि उभ्या उभ्याच लिहिलं. मी ते नंतर इंग्रजीत केलं, पण मूळ असं होतं: ‘मी या इसमाला सत्तेचाळीस वर्षं ओळखते. तो कुणाच्या कल्पनेतून आलेला नाही याची मी खात्री देते. असा माणूस कुणी कल्पनेनं रचला असता, तर थोडा तरी बरा रचला असता.’

संपादिकाबाईंचं उत्तर त्याच दिवशी आलं. ही साक्ष त्यांनी मोठ्यानं वाचली, शेजारणीलाही वाचून दाखवली, आणि एकोणीस वर्षांत इतकी पटणारी साक्ष त्यांच्याकडे आली नव्हती. मात्र साक्षीदार अर्जदाराची मेहुणी असल्यामुळे ती ग्राह्य धरता येत नाही.

“मेहुणी आहे म्हणूनच तर खरं बोलली!” मामा ओरडला. पण नियम तो नियम.

शुक्रवार उजाडला. हाती चार दिवस होते. मी उगाच साइटची पानं उलटत दुकानात बसलो होतो, तेव्हा ‘अकरा रेषा’ नावाचं पान सापडलं. कादंबरीकाराचं मशीन अमेरिकेत एका संग्रहालयात ठेवलेलं आहे. त्याच्या तळाच्या पत्र्यावर, आतल्या बाजूनं, सुईनं ओढलेल्या अकरा बारीक रेषा आहेत. या रेषांवर एका प्राध्यापकांनी चारशे पानांचा प्रबंध लिहिला आहे. त्यांच्या मते या रेषा म्हणजे लेखकाच्या आयुष्यातली अकरा दुःखं. आठवी रेष थोडी तिरकी आहे, तो घटस्फोट.

मी हे वाचून दाखवत होतो आणि मामा हसायला लागला. आधी खांदे हलले, मग चष्मा घसरला, मग तो स्टुलावरून उठून भिंतीला टेकला.

“दुःखं कसली रे! घड्याळ बघितलं त्यानं! अकरा वेळा!”

मामाची एक पद्धत होती, ती मला तेव्हा कळली. दुरुस्ती करताना तो बोलत असे, आणि बोलत असताना गिऱ्हाइकानं घड्याळाकडे पाहिलं की तो मशीनच्या आत एक रेष ओढत असे. पुढे ते मशीन दुसऱ्या कुणा मेकॅनिककडे गेलं तर त्याला आपसूक कळावं, हे गिऱ्हाईक किती उतावीळ आहे. एका वकिलाच्या मशीनमध्ये बत्तीस रेषा आहेत. त्यानंतर पत्र्यावर जागा उरली नाही.

“आणि आठवी तिरकी का?”

“शिंक आली मला.”

मी लगेच अर्ज लिहायला घेतला. मामा सांगत होता, मी टाइप करत होतो.

“लिही, साडेअकरा रेषा.”

“अकरा, मामा.”

“साडेअकरा. बाराव्यांदा त्यानं मनगट उचललं. मी त्याला माझ्या मोडक्या इंग्रजीत न्यायाधीशांच्या उंदरांची गोष्ट सांगत होतो.”

न्यायाधीशांच्या उंदरांची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. एका न्यायाधीशांचं मशीन चालेना म्हणून मामाला कचेरीत बोलावलं. त्यानं झाकण उघडलं तर आत उंदरीण व्यालेली, सहा पिल्लं. न्यायाधीश खाली वाकले, पिल्लांकडे बघत राहिले, आणि म्हणाले, यांचे डोळे उघडेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. तीन आठवडे त्या कचेरीतून एकही निकाल बाहेर पडला नाही. वाट बघून बघून वादी आणि प्रतिवादी बाहेरच्या बाकावर एकमेकांशी बोलायला लागले, आणि चौदा खटले आपापसांत मिटले.

“तर त्यानं मनगट उचललं,” मामा म्हणाला. “मी सुई टेकवली, रेष ओढायला लागलो. आणि त्यानं हात मध्येच खाली घेतला. घड्याळ बघितलंच नाही. म्हणाला, मग काय झालं? मी अर्ध्यात सुई उचलली. पन्नास वर्षांत ‘मग काय झालं’ विचारणारं ते एकच गिऱ्हाईक.”

“मग तू सांगितलंस?”

“कुठलं! ‘न्यायाधीश खाली वाकले, आणि...’ इथपर्यंत आलो, आणि तुझी अक्कामावशी समोरून ओरडली, टॅक्सी आली म्हणून. तो मशीन उचलून धावला. ते शेवटचं.”

आता मी जे केलं ते मला सांगायचं नाही, पण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. मी अर्जात ‘अकरा’ लिहिलं. साइट अकरा म्हणते, संग्रहालय अकरा म्हणतं, प्राध्यापक चारशे पानं अकरा म्हणतात, आणि मामा बहात्तर वर्षांचा आहे. अर्ध्या रेषेपायी अर्ज बाद व्हायला नको म्हणून मी त्याचा अर्धा काढून टाकला. फार समजूतदारपणा केला असं मला वाटलं.

शनिवारी सकाळी उत्तर आलं. अकरा हा आकडा आमच्या साइटवर एकोणीस वर्षं आहे, तो कुणीही वाचू शकतं. घड्याळाची कल्पना रंजक आहे. दिलगिरी.

मी ते मामाला वाचून दाखवलं.

“अकरा?” मामा म्हणाला. “तू काय लिहिलंस?”

मी सांगितलं.

मामा काहीच बोलला नाही. तसाच बसून राहिला. अर्धं मिनिट, एक मिनिट. मागच्या खोलीतून मामी धावत आली, हातात लाटणं तसंच.

“काय झालं? आवाज का बंद झाला?”

“यानं मला खोडलं,” मामा म्हणाला. “त्या लोकांनी नाही. यानं. माझ्यावर विश्वास ठेवणारं अख्ख्या आयुष्यात एक गिऱ्हाईक आलं, त्याची तेवढी अर्धी रेष माझ्याकडे होती. तीच याला जास्त वाटली.”

मामीनं माझ्याकडे बघितलं. लाटणं तिच्या हातात होतं, पण ते निव्वळ योगायोगानं.

मी तिथेच बसून नवीन पत्र लिहिलं. या वेळी मामा सांगेल तो शब्द न् शब्द, शिंकेसकट, उंदरांसकट. पत्र साडेपाच पानांचं झालं. शेवटी मी माझ्याकडून एक ओळ घातली: आधीचा आकडा भाच्याचा होता, हा मेकॅनिकचा आहे.

तासाभरात एका ओळीचं उत्तर आलं. ‘उरलेली अर्धी कुठे आहे?’

“फेल्टखाली,” मामा म्हणाला. “मशीनचा आवाज होऊ नये म्हणून तळाला आतून फेल्टची, जाड लोकरी कापडाची पट्टी लावतात. ती मी शेवटी, गोष्ट सांगता सांगता चिकटवली. उजव्या कोपऱ्यात, पट्टीच्या खाली बघा म्हणावं. आणि हळू उचला, मी डिंक चांगला लावतो.”

मग रविवार. अक्कामावशीनं खुर्ची मांडली होती, आणि ती टोमणेही मारीना. जेवताना एकदा फक्त मामाच्या पानात जास्तीचा पाव ठेवून म्हणाली, “उंदरांनी खाल्ला असं समजते.” सोमवार असाच गेला. मामानं एकच स्प्रिंग चार वेळा पुसली.

मंगळवारी मी कामावर ‘पोटदुखी’ कळवून दुकानात येऊन बसलो. सव्वातीन वाजता फोन किणकिणला.

संपादिकाबाईंनी लिहिलं होतं: काल संध्याकाळी संग्रहालय बंद झाल्यावर फेल्टची पट्टी उचलण्यात आली. डिंक खरोखर चांगला होता, पाऊण तास लागला. उजव्या कोपऱ्यात अर्धी रेष आहे. प्राध्यापक हजर होते. ते मटकन खुर्चीवर बसले, आणि ती खुर्चीसुद्धा प्रदर्शनातली निघाली. आता ते नवा प्रबंध लिहिणार असून त्यांना शिंकेची तारीख हवी आहे. आपल्या मामांचे अभिनंदन. ते खरे आहेत. क्रमांक बेचाळीस.

हे सगळं तुम्हाला पहिल्या ओळीपासून माहीत होतं, पण मामाला नव्हतं. तो स्टुलावरून उठला. दुकानात सात चालू मशीनं आहेत. त्यानं पहिल्याची गाडी, म्हणजे कागद धरणारा वरचा सरकता भाग, टोकापर्यंत सारली. टिंग. मग दुसऱ्याची. टिंग. मग ओळीनं सगळी, आणि शेवटचं संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मामी बाहेर आली आणि तिनं दुसऱ्या टोकानं सुरुवात केली. रस्त्यावरची माणसं थांबून आत बघू लागली. एकानं विचारलं, काय झालं? मामा त्याला सांगायला बाहेर गेला, त्यामुळे तो माणूस अजून घरी पोहोचला असेल की नाही, कल्पना नाही.

अक्कामावशी बेकरी तशीच उघडी टाकून आली. हातात केक. त्यावर साखरेनं ४२ काढलं होतं, आणि साखर पूर्ण वाळलेली होती. म्हणजे केक सकाळीच करून ठेवला होता.

“या, खरे भावोजी,” ती म्हणाली. “दिसायला लागलात हो.”

केक कापून झाल्यावर तिनंच विचारलं, “आता ती कादंबरी तरी वाचणार का कुणी?”

तेव्हा आमच्या लक्षात आलं की आमच्यापैकी कुणीही ती वाचलेली नाही. मी वाचनालयात पळालो, पाचवी कादंबरी घेऊन आलो आणि मेकॅनिक शोधत गेलो. तो पान दोनशे नऊवर येतो. मी एकेक वाक्य मराठीत करून मोठ्यानं सांगत होतो. त्याचं बोलणं, हातवारे, कानामागची सुई, सगळं होतं. मामी मान डोलवत होती, “हेच, अगदी हेच.” मग मेकॅनिक कादंबरीच्या नायकाला एक गोष्ट सांगू लागतो. न्यायाधीशांचं मशीन, सहा पिल्लं. मामानं केकची बशी खाली ठेवली.

पान दोनशे चौदा. ‘न्यायाधीश खाली वाकले, आणि’ असं म्हणून मेकॅनिक छातीवर हात ठेवतो आणि मरतो.

मी पान उलटलं, तर पुढे नवीन प्रकरण.

“याच्या पुढचं कादंबरीकाराला माहीतच नव्हतं,” मी म्हणालो. “टॅक्सी आली ना.”

सगळ्यांनी अक्कामावशीकडे बघितलं.

“माझ्याकडे काय बघता? टॅक्सी आली, मी सांगितलं!” ती म्हणाली. थोड्या वेळानं पुटपुटली, “आधी कुणी बोललं असतं, तर थांबवली असती की मी. मला काय माहीत आत माणूस मरतोय.”

मामा मात्र रागावला नव्हता. त्याचा चेहरा उजळला होता. “म्हणजे तो वाट बघत होता,” तो म्हणाला. “पुढचं कळेना, म्हणून त्यानं गोष्टीला तिथेच थांबवून ठेवलं. दुसऱ्या कुणाचा शेवट लावला नाही.” त्यानं चौथ्या मशीनमध्ये कागद चढवला, स्टूल पुढे ओढलं आणि मला म्हणाला, “सांग, सरकारी कसं लिहितात ते. तू नऊशे जणांना नाही म्हणतोस. नाही म्हणता येणार नाही असं सांग.”

पत्र टपालानं संग्रहालयाच्या पत्त्यावर गेलं आहे. त्याची नक्कल खाली देतो. या वेळी मी एक अक्षरही बदललेलं नाही.

*

प्रति,
माननीय कादंबरीकार साहेब
(हयात नसल्यास, सध्या त्या जागेचा कार्यभार पाहणारे)

विषय: पान २१४ वरील माझ्या मृत्यूबाबत.

महोदय,

मी, खरी व्यक्ती क्रमांक ४२ (पूर्वीचे काल्पनिक पात्र क्रमांक १८८), आपल्या निदर्शनास आणून देतो की उपरोक्त पानावर मी वाक्य अपूर्ण असताना मरण पावलो आहे. सदर मृत्यू टॅक्सीच्या घाईमुळे घडलेला असून त्यात आपला किंवा माझा दोष नाही. आपण त्या वेळी ‘मग काय झालं’ अशी रीतसर विचारणा केली होती व तिचे उत्तर देणे माझ्याकडून सत्तेचाळीस वर्षे राहून गेले आहे, याबद्दल दिलगीर आहे.

सबब विनंती की, मला पान २१४ वर तात्काळ जिवंत करून वाक्य पूर्ण करण्याची परवानगी द्यावी. उर्वरित वाक्य सोबत जोडले आहे (पाने सात). ते वाचत असताना आपण घड्याळाकडे पाहिल्यास त्याची नोंद घेतली जाणार नाही.

टॅक्सीस कृपया थांबण्यास सांगावे.

आपला विश्वासू,
मेकॅनिक

प्रत माहितीसाठी: बेकरी, समोर. पुन्हा ओरडू नये.